‘मेरी रोझ’ : ३४ वर्षांची सेवा, काही क्षणांचा अंत

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्ट्समाउथ बंदरात एक अर्धे जहाज जतन करून ठेवले आहे. त्याची उजवी बाजू जवळजवळ शाबूत आहे, डावी बाजू मात्र नाही. एखादी बाहुलीची वाडी मधोमध चिरावी, त्याप्रमाणे त्याचे मजले, तुळया आणि खणांची मांडणी समोरून स्पष्ट दिसते. हे जहाज म्हणजे ट्यूडर राजघराण्यातील आठव्या हेन्रीची युद्धनौका ‘मेरी रोझ’. ती १९ जुलै १५४५ रोजी राजाच्या डोळ्यांदेखत बुडाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी, ४३७ वर्षांनी, पुन्हा पाण्याबाहेर आली.

‘मेरी रोझ’ पहिल्याच सफरीत बुडाली, असा एक समज आजही प्रचलित आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. बुडण्यापूर्वी या जहाजाने ३४ वर्षे सेवा बजावली होती. फ्रान्सविरुद्धच्या तीन युद्धांत भाग घेतला होता, नौदलप्रमुखांचे निशाण आपल्या डोलकाठीवर मिरवले होते. पाण्यावरील लढाईचे तंत्रच बदलत असताना त्या बदलाप्रमाणे स्वतःचे रूपही पालटून घेतले होते. या दीर्घ कारकीर्दीच्या संदर्भाविना तिच्या अखेरच्या दिवसाचा अर्थ लागत नाही.

जन्म आणि नाव

आठवा हेन्री एप्रिल १५०९ मध्ये गादीवर आला, तेव्हा त्याला अठरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. वडिलांकडून त्याला मोठी युद्धजहाजे अगदी थोडी मिळाली होती. उत्तरेला स्कॉटलंड आपले आरमार वाढवत होता आणि खाडीपलीकडे फ्रान्ससारखा बलाढ्य प्रतिस्पर्धी होता. जानेवारी १५१० मध्ये राजाने दोन नवी जहाजे बांधण्याचा आदेश दिला. त्यांपैकी मोठे जहाज ‘मेरी रोझ’ आणि धाकटे ‘पीटर पॉमग्रेनेट’. बांधणी पोर्ट्समाउथ येथे झाली आणि १५११ च्या उन्हाळ्यात ‘मेरी रोझ’ पाण्यात उतरली. त्यानंतर तिला लंडनला नेऊन तोफा, शिडे व इतर साहित्य चढविण्यात आले.

राजाने आपली धाकटी बहीण मेरी हिचे नाव आणि ट्यूडर घराण्याचे चिन्ह असलेला गुलाब यांची जोड देऊन हे नामकरण केले, अशी कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. तथापि तत्कालीन कागदपत्रांत तिला आधार सापडत नाही. जहाजांना संतांची व धार्मिक नावे देण्याचा तो काळ होता. त्यामुळे कुमारी मेरी, जिला ख्रिस्ती परंपरेत गूढ गुलाबाची उपमा दिली जाते, तिच्यावरून हे नाव आले असावे असे अनेक अभ्यासक मानतात. जहाजाची काशाची घंटा १९८२ मध्ये सापडली. आपण १५१० साली ओतले गेलो, असे तिच्यावर फ्लेमिश भाषेत कोरलेले आहे. जहाजाच्या जन्माचा याहून विश्वासार्ह दाखला दुसरा नसावा.

जहाजाचा सांगाडा ओक वृक्षाच्या लाकडाचा होता. तळाच्या कण्याची लांबी सुमारे ३२ मीटर होती. फळ्या एकमेकींवर न चढविता कडेला कड भिडवून बसविण्याची पद्धत तिच्या बांधणीत दिसते. या पद्धतीचे लष्करी महत्त्व मोठे होते. अशा सपाट अंगाच्या जहाजात तोफेसाठी चौकोनी खिडकी पाडता येते आणि ती झडपेने बंद करून पाणी अडविता येते. तोपर्यंत तोफा मुख्यतः जहाजाच्या पुढील व मागील उंच माड्यांवर असत आणि त्या हलक्या असत. जड तोफ एवढ्या उंचीवर ठेवली तर जहाज कलंडण्याचा धोका असे. झडपेच्या खिडकीमुळे जड तोफा खाली, पाण्याच्या पातळीजवळ आणता आल्या. पुढील तीन शतकांच्या नौदल युद्धाचा पाया या एका लहानशा सुधारणेत आहे. ‘मेरी रोझ’च्या अंतालाही याच खिडक्या कारणीभूत ठरल्या असाव्यात.

पहिली लढाई

फ्रान्सशी पहिले युद्ध १५१२ मध्ये सुरू झाले. नौदलप्रमुख सर एडवर्ड हॉवर्ड याने ‘मेरी रोझ’ला आपले मुख्य जहाज म्हणून निवडले. १० ऑगस्ट १५१२ रोजी ब्रेस्त बंदराजवळ, सेंट मॅथ्यू भूशिरापाशी, इंग्रजांनी फ्रेंच आणि ब्रेटन ताफ्याला बेसावध गाठले. ‘मेरी रोझ’ने फ्रेंच सेनानीच्या जहाजावर तोफा डागून त्याची मुख्य डोलकाठी निकामी केली. याच लढाईत इंग्रजांचे ‘रीजंट’ आणि ब्रेटनांचे ‘कॉर्डेलिएर’ ही दोन प्रचंड जहाजे एकमेकांना आकड्यांनी जखडून लढत असताना ‘कॉर्डेलिएर’वर आग भडकली. दोन्ही जहाजे एकत्रच जळून बुडाली आणि दोन्ही बाजूंचे शेकडो लोक प्राणास मुकले. जुने आणि नवे तंत्र या एकाच दिवशी शेजारी शेजारी दिसले. एकीकडे दुरून तोफांचा मारा होता, तर दुसरीकडे जहाजाला जहाज भिडवून केलेली हातघाई.

पुढील वर्षी मार्चमध्ये हॉवर्डने ताफ्यातील जहाजांची चाल पारखण्यासाठी शर्यत लावली. ‘मेरी रोझ’ सर्वांत पुढे राहिली. हॉवर्डने राजाला पाठविलेल्या पत्रात तिच्या वेगाची आणि डौलाची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. आपली जहाजे कशी चालतात हे सविस्तर कळवावे, असा राजाचाच आग्रह होता. या पत्रानंतर सुमारे महिनाभराने, २५ एप्रिल १५१३ रोजी, ब्रेस्तजवळ फ्रेंच वल्हेनौकांवर चढाई करताना हॉवर्ड मारला गेला. शत्रूच्या नौकेवर उडी घेतल्यावर त्याची स्वतःची नौका दूर वाहत गेली आणि भाल्यांनी रेटून त्याला समुद्रात ढकलण्यात आले. त्याचा थोरला भाऊ थॉमस हॉवर्ड याने ताफ्याची सूत्रे हाती घेतली. १५१४ मध्ये तह झाला आणि राजाची बहीण मेरी हिचा विवाह फ्रान्सच्या वृद्ध बाराव्या लुईशी लावून देण्यात आला.

विश्रांती आणि पुनर्बांधणी

शांततेच्या काळात अशी जहाजे पोसणे खर्चाचे असे. डोलकाठ्या व तोफा उतरवून, मोजक्या रखवालदारांच्या भरवशावर त्यांना बंदरात नांगरून ठेवण्यात येई. १५२० मध्ये हेन्री आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस यांची फ्रान्समध्ये भपकेबाज भेट झाली, तेव्हा ‘मेरी रोझ’ इंग्लिश खाडीत पहाऱ्यावर होती. १५२२ मध्ये युद्ध पुन्हा पेटले. या वेळी अर्ल ऑफ सरे ही पदवी लाभलेला थॉमस हॉवर्ड तिच्यावर होता. त्या मोहिमेत इंग्रजांनी ब्रिटनीतील मॉर्ले शहर लुटले. त्यानंतर सुमारे १३ वर्षे जहाज राखीव ताफ्यात राहिले.

दरम्यान इंग्लंडमध्ये मोठी उलथापालथ झाली. हेन्रीने रोमच्या पोपशी संबंध तोडले आणि १५३४ मध्ये तो इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख बनला. यामुळे युरोपातील कॅथलिक सत्ता एकत्र येऊन आक्रमण करतील, ही भीती वास्तव झाली. मठ बरखास्त करून जप्त केलेल्या संपत्तीचा काही भाग किनाऱ्यावरील किल्ले आणि आरमार यांच्याकडे वळला. १५३६ च्या सुमारास ‘मेरी रोझ’ची मोठी दुरुस्ती व पुनर्बांधणी झाली. सुरुवातीच्या नोंदींत सुमारे ५०० टनांचे असलेले हे जहाज नंतर ७०० टनांचे नोंदविले गेले. सांगाड्याला जादा आधार देण्यात आला आणि मधल्या मजल्यावर झडपांच्या खिडक्यांमागे जड तोफा बसविण्यात आल्या.

अँथनी अँथनी नावाच्या अधिकाऱ्याने राजाच्या सर्व जहाजांची सचित्र यादी तयार करून १५४६ मध्ये राजाला सादर केली. ‘मेरी रोझ’चे ज्ञात असे एकमेव समकालीन चित्र या यादीत आहे. त्यात तिच्यावर लहानमोठ्या ९१ तोफा आणि ४१५ माणसे नोंदविली आहेत. त्यांत २०० खलाशी, १८५ सैनिक आणि ३० गोलंदाज होते. तोफांबरोबर २५० लांब धनुष्येही होती. तोफांच्या युगात प्रवेश केलेल्या या जहाजाचा धनुष्यावरील भरवसा अद्याप सुटला नव्हता, हे या यादीवरून कळते.

१९ जुलै १५४५

हेन्रीने सप्टेंबर १५४४ मध्ये फ्रान्सचे बुलोन शहर जिंकले. त्याचा सूड घेण्यासाठी फ्रान्सिसने प्रचंड आरमार उभारले. नौदलप्रमुख क्लोद दॅनबो याच्या हाताखाली २०० हून अधिक जहाजे आणि सुमारे ३०,००० माणसे होती. इंग्रजांकडे सुमारे ८० जहाजे आणि १२,००० माणसे होती. जुलै १५४५ मध्ये फ्रेंच ताफा पोर्ट्समाउथ आणि वाइट बेट यांमधील सोलंट या सामुद्रधुनीत शिरला. राजा स्वतः पोर्ट्समाउथमध्ये आला होता. ‘मेरी रोझ’वर उपनौदलप्रमुख सर जॉर्ज कॅर्यू याची नेमणूक अगदी ऐन वेळी झाली होती. जहाजाचा कप्तान रॉजर ग्रेनव्हिल होता. पुढे १५९१ मध्ये ‘रिव्हेंज’ या युद्धनौकेवर स्पॅनिश आरमाराशी झुंजताना प्राणांतिक जखमी झालेला रिचर्ड ग्रेनव्हिल हा त्याचाच मुलगा.

१९ जुलैच्या सकाळी वारा पडलेला होता. शिडांवर चालणारी इंग्रज जहाजे जागच्या जागी खिळली होती, तर वल्ह्यांवर चालणाऱ्या फ्रेंच नौका पुढे येऊन मारा करीत होत्या. काही वेळाने वारा सुटला, इंग्रज ताफा हलला आणि ‘मेरी रोझ’ आघाडीवर सरसावली. त्यानंतर ती उजव्या अंगावर कलली. उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरले आणि पाहता पाहता जहाज तळाशी गेले. साउथसी किल्ल्यावरून राजा हे दृश्य पाहत होता. शत्रूला जहाजावर चढता येऊ नये म्हणून वरच्या डेकवर दोरखंडाची जाळी ताणून बांधली होती. बचावासाठी बांधलेल्या त्या जाळीनेच आतल्या माणसांची वाट अडविली. त्या दिवशी जहाजावर ५०० च्या आसपास माणसे असावीत. त्यांपैकी जेमतेम ३५ वाचली. कॅर्यू आणि ग्रेनव्हिल दोघेही बुडाले.

जहाज का बुडाले?

या प्रश्नाचे एकच उत्तर आजवर सर्वमान्य झालेले नाही. फ्रेंचांनी साहजिकच श्रेय आपल्या तोफांना दिले. मात्र पवित्र रोमन सम्राटाचा राजदूत फान डेर डेल्फ्ट याने वाचलेल्या एका फ्लेमिश माणसाशी बोलून जे पत्र धाडले, त्यात वेगळी हकिगत आहे. एका बाजूच्या तोफा डागून झाल्यावर दुसरी बाजू शत्रूकडे आणण्यासाठी जहाज वळत होते. त्याच वेळी वाऱ्याचा जोराचा झोत आला, जहाज कलले आणि उघड्या राहिलेल्या खिडक्यांतून पाणी घुसले, असे तो लिहितो. हा मजकूर घटनेनंतर काही दिवसांतलाच असल्याने अभ्यासक त्याला विशेष महत्त्व देतात.

दुसरे कारण बेशिस्तीचे सांगितले जाते. कॅर्यू घराण्याच्या वृत्तांतानुसार, शेजारून जाणाऱ्या जहाजावरील आपल्या काकाला सर जॉर्जने ओरडून सांगितले की, आपली माणसे आपल्याला आवरत नाहीत. तिसरे कारण वजनाचे आहे. पुनर्बांधणीनंतर तोफांचा भार वाढला होता आणि लढाईसाठी नेहमीपेक्षा जास्त सैनिक वरच्या मजल्यांवर उभे होते. खिडक्या पाण्यापासून फारशा उंच नव्हत्या. यांपैकी कोणतेही एक कारण कदाचित पुरेसे नव्हते. ती सर्व एका क्षणी एकत्र आली, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. नव्या तंत्राने जहाजाला सामर्थ्य दिले, पण चुकीला वाव ठेवला नाही. खिडक्या वेळेवर बंद करण्याची शिस्त हा त्या तंत्राचाच भाग होता.

लढाईचा निकाल मात्र या दुर्घटनेने बदलला नाही. फ्रेंचांनी वाइट बेटावर सैन्य उतरविले, पण त्यांना पाय रोवता आले नाहीत आणि काही दिवसांत ते परतले. जून १५४६ मध्ये तह झाला.

समुद्रतळावरील चार शतके

जहाज फार खोल पाण्यात नव्हते. त्यामुळे ते वर काढण्याचे प्रयत्न लगेच सुरू झाले. दोन मोठी जहाजे रिकामी करून दोन्ही बाजूंना आणायची, ओहोटीच्या वेळी दोरखंड ताणून बांधायचे आणि भरतीबरोबर बुडालेले जहाज उचलायचे, ही व्हेनिसच्या कारागिरांची योजना होती. जहाज गाळात रुतले होते. ते हलले नाहीच, उलट या खटाटोपात मुख्य डोलकाठी मोडली. त्यानंतर पिएरो पाओलो कॉर्सी या व्हेनिसच्या माणसाने पाणबुड्यांकरवी काही तोफा वर काढल्या. त्याचा प्रमुख पाणबुडा जॅक फ्रान्सिस हा आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्याकडचा होता. कॉर्सीवर दुसऱ्या एका जहाजातील मालाच्या चोरीचा आरोप झाला, तेव्हा १५४८ मध्ये फ्रान्सिसने नौदल न्यायालयात साक्ष दिली. इंग्लंडच्या न्यायालयात साक्ष देणारा पहिला ज्ञात आफ्रिकी माणूस म्हणून त्याचे नाव इतिहासात राहिले आहे.

पुढे जहाज विस्मृतीत गेले. प्रवाह आणि समुद्री कृमी यांनी उघडी डावी बाजू खाऊन टाकली. उजवी बाजू मात्र गाळात गाडली गेली. हवा न पोचणाऱ्या त्या चिखलात लाकूड, चामडे, कापड आणि हाडेही टिकून राहिली. १८३६ मध्ये मच्छीमारांची साधने तळाशी अडकू लागली, तेव्हा जवळच काम करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स डीन या पाणबुड्या बंधूंनी शोध घेऊन काही तोफा व धनुष्ये वर आणली. १८४० नंतर जागेचा पुन्हा विसर पडला.

पत्रकार, लेखक आणि हौशी पाणबुडे अलेक्झांडर मॅकी यांनी १९६५ मध्ये शोधाला नव्याने सुरुवात केली. जुना सागरी नकाशा, ध्वनिलहरींनी तळाचा वेध घेणारी यंत्रणा आणि स्वयंसेवकांची चिकाटी यांच्या बळावर मे १९७१ मध्ये जहाजाच्या फासळ्या गाळातून डोकावताना दिसल्या. पुरातत्त्वज्ञ मार्गारेट रूल यांच्या नेतृत्वाखाली १९७९ पासून सलग उत्खनन झाले. चार हंगामांत पाणबुड्यांनी सुमारे २८,००० वेळा बुड्या मारल्या आणि १९,००० हून अधिक वस्तू बाहेर काढल्या.

११ ऑक्टोबर १९८२ रोजी ‘टॉग मोर’ या प्रचंड तरत्या क्रेनने पोलादी पाळण्यात ठेवलेले जहाज उचलले. दूरचित्रवाणीवर कोट्यवधी प्रेक्षक हे दृश्य थेट पाहत होते. उचल सुरू असताना पोलादी चौकटीचा एक कोपरा अचानक खाली घसरला आणि क्षणभर सर्वांचाच श्वास अडकला. सुदैवाने जहाजाला मोठी इजा झाली नाही.

जपणुकीची लढाई

चार शतके भिजलेले लाकूड एकदम वाळले तर ते आकसून तडकते. म्हणून पोर्ट्समाउथच्या सुक्या गोदीत सांगाड्यावर १२ वर्षे थंड पाण्याचे फवारे मारण्यात आले. १९९४ पासून २०१३ पर्यंत पॉलिएथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या रसायनाचा फवारा चालला. लाकडाच्या पेशींतील पाण्याची जागा हे रसायन घेते आणि लाकडाला आधार देते. त्यानंतर नियंत्रित हवेने वाळविण्याचे काम झाले. मे २०१३ मध्ये जहाजाभोवती बांधलेले नवे संग्रहालय खुले झाले. लाकडात मुरलेले गंधक आणि गंजलेल्या खिळ्यांतील लोह यांच्या संयोगाने आम्ल तयार होण्याचा धोका असल्याने देखरेख मात्र कायमची आहे.

सापडलेल्या वस्तूंमुळे ट्यूडर काळातील सामान्य माणसाचे जिणे समोर आले. शल्यविशारदाच्या पेटीत ६० हून अधिक वस्तू होत्या. सुताराच्या खोलीत हत्यारे आणि सोंगट्यांच्या खेळाचा पट मिळाला. तळघरात विटांच्या चुली होत्या. उवा काढण्याच्या फण्या, बासऱ्या, छाया-घड्याळे, चामड्याचे जोडे, मिरीचे दाणे, एवढेच नव्हे, तर सुताराच्या खोलीच्या दाराशी एका लहान कुत्र्याचा सांगाडाही सापडला. १७२ लांब धनुष्ये हाती आल्याने इंग्रज तीरंदाजांविषयीचे कित्येक तर्क प्रथमच प्रत्यक्ष मोजून पाहता आले.

किमान १७९ माणसांचे अवशेष मिळाले. त्यांत बहुतेक तरुण होते. काहींच्या खांद्याच्या हाडांत असा फरक आढळला, जो पोरवयापासून जड धनुष्य ओढल्याने होत असावा, असे संशोधक म्हणतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ जणांच्या दातांचे रासायनिक परीक्षण करण्यात आले. त्यांपैकी तिघे बालपणी इंग्लंडहून उष्ण प्रदेशात, बहुधा युरोपच्या दक्षिण किनाऱ्याकडे किंवा उत्तर आफ्रिकेत वाढले असावेत, असा त्याचा निष्कर्ष आहे. राजाच्या आरमारातील माणसे केवळ इंग्रज नव्हती, हे त्यावरून सूचित होते.

त्यांपैकी एका अनामिक खलाशाचे १९ जुलै १९८४ रोजी पोर्ट्समाउथच्या कॅथेड्रलमध्ये विधिपूर्वक दफन करण्यात आले. इतिहासाने राजाचे, नौदलप्रमुखांचे आणि कप्तानाचे नाव नोंदवून ठेवले. ‘मेरी रोझ’वर बुडालेल्या बहुतेकांची नावे मात्र कोणत्याही कागदावर नाहीत. त्यांच्या फण्या, जोडे आणि धनुष्ये हीच आता त्यांची नोंदवही आहे. ३४ वर्षांच्या सेवेपेक्षा ‘मेरी रोझ’चा अंत अधिक प्रसिद्ध झाला, हे खरे. पण त्या अंतामुळेच तिच्यावर जगलेली माणसे आज ओळखीची वाटतात.